सर्व्हरचं अपडेट: लगेच टाकायचं, की आठवडाभर थांबायचं?

फोनवर 'नवीन अपडेट उपलब्ध आहे' असं आलं की आपल्यापैकी बहुतेक जण 'नंतर' दाबतात. मग कधीतरी रात्री फोन चार्जिंगला लावलेला असताना ते आपोआप उरकतं. काही बिघडलंच तर एक फोन बिघडतो, आणि तोही सर्व्हिस सेंटरमध्ये नेता येतो.

सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसासमोरही हेच बटण असतं. पण त्याच्या बटणामागे कुठल्यातरी बँकेचे हजारो खातेदार असतात, विमानतळावरची रांग असते, नाहीतर हॉस्पिटलचं बिलिंग काउंटर असतं. त्यामुळे 'आत्ता टाकू की थांबू' हा प्रश्न त्याला दर महिन्याला पडतो. मायक्रोसॉफ्टचे पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्र असते, आणि बुधवारी सकाळी ऑफिसात हाच वाद सुरू होतो.

२०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत या वादाच्या दोन्ही बाजूंना सणसणीत उदाहरणं मिळाली. लगेच घेतलं म्हणून बंद पडलेले आहेत, आणि घेतलं नाही म्हणून बंद पडलेलेही आहेत. शिवाय तिसरा प्रकार, ज्यांनी सगळं वेळेवर केलं आणि तरीही अडकले. हा तिसरा प्रकार मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, पण त्याच्याकडे क्रमाने येऊ.

७८ मिनिटं

१९ जुलै २०२४, शुक्रवार. आपल्याकडे सकाळचे ९:३९ झाले होते. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन सुरक्षा कंपनीने तिच्या फाल्कन सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाइल पाठवली, 'चॅनेल फाइल २९१'. १०:५७ ला कंपनीने ती मागे घेतली. मध्ये गेली ७८ मिनिटं. तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर जाऊन बसली होती. जगातल्या एकूण विंडोज मशीनच्या हे १ टक्काही नव्हे, पण ती सगळी मोठ्या कंपन्यांची.

चूक काय होती हे कंपनीने नंतर स्वतःच सविस्तर जाहीर केलं. तपासणीचा नवा साचा २१ रकाने मागत होता, आणि त्याला माहिती पुरवणारा कोड २० च देत होता. फेब्रुवारीपासून हे चालून गेलं, कारण तोवरच्या फाइलींमध्ये २१ व्या रकान्यात 'काहीही चालेल' अशी खूण असायची. १९ जुलैच्या फाइलीने पहिल्यांदा त्या रकान्यात खरोखर डोकावायला सांगितलं. तिथे काहीच नव्हतं. साधं ॲप असतं तर ते बंद पडून विषय संपला असता. फाल्कनचा हा भाग मात्र विंडोजच्या कर्नलमध्ये चालतो, म्हणजे सिस्टमच्या अगदी गाभ्यात. तिथे असं झालं की अख्खं मशीन बसतं, आणि परत सुरू करायला गेलं की तीच फाइल वाचून परत बसतं.

आपल्याकडे इंडिगो, आकासा, स्पाइसजेट यांची चेक-इन व्यवस्था कोलमडली. हाताने लिहिलेल्या बोर्डिंग पासचे फोटो तुम्ही तेव्हा पाहिले असतील. रिझर्व्ह बँकेने त्याच दिवशी सांगितलं की फक्त १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाला.

एक गोष्ट बातम्यांमध्ये फारशी आली नाही. अनेक कंपन्यांनी खबरदारी घेतलेली होती. फाल्कनची सगळ्यात नवी आवृत्ती घ्यायची नाही, एक किंवा दोन आवृत्त्या मागे राहायचं, अशी सेटिंग त्यांनी लावली होती. तरी ते अडकले. कारण ती सेटिंग सॉफ्टवेअरच्या आवृत्तीला लागू होती, रोज येणाऱ्या या छोट्या 'कंटेंट' फाइलींना नाही. घराला कुलूप लावलं आणि पत्र टाकायची फट उघडी राहिली, तसं. या घटनेनंतर क्राउडस्ट्राइकने या फाइलीही टप्प्याटप्प्याने सोडायला सुरुवात केली आणि त्या कधी घ्यायच्या हे ठरवायची सोय ग्राहकांना दिली.

दुरुस्ती कागदावर सोपी होती. सेफ मोडमध्ये जा, ठरावीक फोल्डरमधली ती फाइल डिलीट करा, रीस्टार्ट करा. पण हे दूर बसून जमत नव्हतं, कारण मशीन नेटवर्कपर्यंत पोचतच नव्हतं. मशीनपाशी माणूस हवा. वर डिस्क बिटलॉकरने एन्क्रिप्ट केलेली असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की हवी, आणि काही ठिकाणी त्या कीज ज्या सर्व्हरवर जपून ठेवल्या होत्या, तोच सर्व्हर निळ्या स्क्रीनवर. क्लाउडवाल्यांनी आणखी एक युक्ती वापरली: बंद पडलेल्या मशीनची डिस्क काढायची, चांगल्या मशीनला जोडायची, फाइल उडवायची, परत लावायची. शंभर मशीन असतील तर शंभर वेळा.

या प्रकारानंतर 'बघा, आम्ही म्हणत नव्हतो का' म्हणणाऱ्यांचा जोर वाढला. चालतंय ना, मग हात लावू नका.

बारा दिवसांनी उलटा धडा

३१ जुलै २०२४ ला देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचं यूपीआय आणि एटीएम अचानक थांबलं. यात होत्या सहकारी बँका आणि ग्रामीण बँका. या बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या काही सिस्टमवर रॅन्समवेअर हल्ला झाला होता. तो पसरू नये म्हणून एनपीसीआयने कंपनीला पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरतं वेगळं काढलं. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली.

मोठ्या शहरात चार बँकांची चार ॲप असणाऱ्याला याचं काही वाटलं नसेल. पण ज्याचं एकच खातं आहे आणि तेही अशा बँकेत, त्याला औषधाच्या दुकानात 'पेमेंट फेल्ड' दिसल्यावर काय वाटतं, ते वेगळं सांगायला नको.

क्लाउडसेक या भारतीय सायबर सुरक्षा कंपनीच्या अहवालानुसार हल्ल्याची सुरुवात झाली एका भागीदार कंपनीच्या जेन्किन्स सर्व्हरपासून. त्या सर्व्हरची मांडणी चुकीची होती, आणि त्यातल्या ज्या त्रुटीतून हल्लेखोर शिरले तिचं अपडेट जानेवारी २०२४ मध्येच आलेलं होतं. म्हणजे सहा महिने ते उपलब्ध होतं. गंमत बघा, जेन्किन्स हे स्वतः काय आहे? नवीन कोड तपासून सर्व्हरवर पोचवणारं सॉफ्टवेअर! बाकीच्यांना अपडेट करणारा सर्व्हरच अपडेट व्हायचा राहिला.

असं का होतं, हे बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही. आळस हे एक कारण आहेच. पण माझ्या मते त्याहून मोठं कारण हे की असा सर्व्हर कुणाच्या यादीतच नसतो. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी एका प्रोजेक्टसाठी उभा केला, तो माणूस नोकरी बदलून गेला, सर्व्हर चालतोय. जे आपल्याकडे आहे हेच माहीत नाही, त्याला अपडेट कोण टाकणार?

वेळेवर टाकलं, तरी

आता तो तिसरा प्रकार. ८ जुलै २०२५ ला मायक्रोसॉफ्टने शेअरपॉइंट सर्व्हरमधल्या दोन त्रुटींचे पॅच सोडले. शेअरपॉइंट म्हणजे ऑफिसातली कागदपत्रं ठेवायची आणि वाटायची जागा. ज्या संस्था ते मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर न ठेवता स्वतःच्या सर्व्हरवर चालवतात, त्यांच्यासाठीच हा प्रश्न होता. शिस्तीच्या लोकांनी पॅच टाकला आणि ते निवांत झाले. पण पॅच अर्धवट होता. हल्लेखोरांनी त्याला वळसा घालणारी वाट शोधली, आणि १८ जुलैच्या सुमारास एकामागून एक सर्व्हर फुटायला लागले. नवा, पक्का पॅच आला २० आणि २१ जुलैला. अमेरिकेची अण्वस्त्रं सांभाळणारी सरकारी यंत्रणाही बाधितांच्या यादीत होती.

इथपर्यंत ठीक, नवा पॅच टाकला की झालं, असं वाटेल. तसं नव्हतं. हल्लेखोर आत शिरल्यावर सर्व्हरच्या 'मशीन की' उचलून नेत होते. या कीज म्हणजे सर्व्हरचा शिक्का. तो एकदा हातात आला की नंतर तुम्ही दार कितीही पक्कं करा, हल्लेखोर खोटा कागद तयार करून त्यावर खरा शिक्का मारणार आणि सर्व्हर तो मान्य करणार. त्यामुळे पॅच टाका, मग कीज बदला, मग सगळ्या सर्व्हरवर वेब सर्व्हिस रीस्टार्ट करा, अशा तिन्ही गोष्टी करायच्या होत्या. ज्यांनी पहिली करून 'डन' लिहिलं, त्यांचा सर्व्हर अपडेटेड दिसत होता आणि उघडाही होता.

शेअरपॉइंटचं आणखी एक दुखणं जुनं आहे. २०१६ आणि २०१९ या आवृत्त्यांसाठी दोन पॅकेज टाकावी लागतात, एक मुख्य आणि एक भाषांसाठी. दोन्ही टाकून झाली की कॉन्फिगरेशन विझार्ड वेगळा चालवावा लागतो, तेव्हा कुठे डेटाबेसपर्यंत बदल पोचतात. 'इन्स्टॉल झालं' आणि 'लागू झालं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नव्या इंजिनिअरला कॉलेजात कुणी शिकवत नाही.

तीन महिन्यांनी हाच खेळ परत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज सर्व्हरच्या 'डब्ल्यूसस' मधल्या त्रुटीचा पॅच आला. तीव्रता १० पैकी ९.८. तोही अपुरा निघाला, आणि २३ ऑक्टोबरला तातडीचं दुसरं अपडेट सोडावं लागलं. डब्ल्यूससचं काम काय, तर ऑफिसातल्या सगळ्या विंडोज मशीनला अपडेट वाटणं. तो हल्लेखोराच्या हाती लागला तर काय होईल, विचार करा. आणि त्या तातडीच्या अपडेटनेही विंडोज सर्व्हर २०२५ च्या काही मशीनवर रीस्टार्ट न करता पॅच घेण्याची सोय बिघडवली. मग त्यासाठी आणखी एक अपडेट. औषधाने पित्त वाढलं म्हणून पित्ताची गोळी.

तर सरळ उत्तर नाही, हे मान्य करू. 'लगेच' म्हणणारेही चुकतात आणि 'थांबा' म्हणणारेही. मी स्वतः दोन प्रश्न विचारतो. हा सर्व्हर इंटरनेटवरून कुणालाही दिसतो का? आणि या त्रुटीचा वापर करून हल्ले सुरू झालेत का? दोन्हीचं उत्तर 'हो' असेल तर त्याच दिवशी पॅच टाकायचा. ते शक्य नसेल तर सर्व्हर तात्पुरता इंटरनेटवरून काढायचा, त्यावर साहेबांच्या शिव्या खायच्या. दोन्हीचं उत्तर 'नाही' असेल तर आठवडाभर थांबायला हरकत नाही. पण त्या आठवड्यात टेस्टिंग झालं पाहिजे. नुसतं थांबून आठवड्याने डोळे मिटून सगळीकडे टाकलं, तर थांबून मिळवलं काय?

टाकायच्या आधी

तुमच्यापैकी बरेच जण आता स्वतःचा छोटा सर्व्हर चालवतात. कुणाचा महिन्याला चार-पाचशे रुपयांचा व्हीपीएस, कुणाचा घरातला रास्पबेरी पाय, कुणी कॉलेजच्या फेस्टची वेबसाइट सांभाळतं. मोठ्या कंपनीत जे होतं तेच इथे लहान प्रमाणात होतं, म्हणून ही प्रक्रिया जरा नीट बघू.

पहिली गोष्ट बॅकअप. आणि बॅकअप म्हणजे 'बॅकअपची जॉब लावलेली आहे' असं नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत रात्री उशिरा एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डिलीटची कमांड चालवली. सुमारे ३०० जीबी डेटामधून ४.५ जीबी उरला. बॅकअपचे पाच प्रकार होते, वेळेला त्यातला एकही धड उपयोगी पडला नाही. यातलं एक कारण आपल्या विषयाशी थेट जुळतं: डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीवर होता, आणि बॅकअप घेणारं टूल चालत होतं ९.२ आवृत्तीचं. आवृत्त्या जुळत नाहीत म्हणून ते रोज निमूटपणे फेल होत होतं. फेल झाल्याचे ईमेल जात होते, पण पाठवणाऱ्याची खूण नीट नसल्याने मेल सर्व्हर ते नाकारत होता. शेवटी वाचवलं ते टेस्टिंगसाठी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने. गिटलॅबने हे सगळं जगासमोर उघड केलं, रीस्टोअर चालू असताना लाइव्ह स्ट्रीमसुद्धा केलं. त्यासाठी मला ती कंपनी आवडते.

तात्पर्य इतकंच की महिन्यातून एकदा बॅकअपमधून खरोखर रीस्टोअर करून बघा, दुसऱ्या मशीनवर. फाइलचा आकार शून्य तर नाही ना, एवढं पाहिलं तरी अर्धं काम होतं.

व्हीपीएस कंपन्या स्नॅपशॉट घ्यायची सोय देतात, तो जरूर घ्या. अपडेटच्या आधी पाच मिनिटांचं काम आहे. पण स्नॅपशॉट म्हणजे पूर्ण बॅकअप नव्हे. तो त्याच कंपनीकडे, त्याच खात्यात असतो, खातंच गेलं तर तोही गेला. दुसरं असं की स्नॅपशॉटवर परत गेलात की मधल्या वेळात आलेल्या ऑर्डरी, फॉर्म, मेसेज सगळं पुसलं जातं. म्हणूनच अपडेटच्या वेळी साइट 'मेंटेनन्स' मध्ये टाकतात. तो बोर्ड बघून आपण वैतागतो खरं, पण त्यामुळे परत फिरायची वाट मोकळी राहते.

मग चाचणी. सर्व्हरची एक नक्कल करायची, तिला स्टेजिंग म्हणतात, आणि अपडेट आधी तिथे टाकायचं. त्यानंतर खऱ्या सर्व्हरपैकी एकावर, मग दहावर, मग सगळ्यांवर. हे तुम्ही रोज अनुभवता. मित्राच्या फोनवर व्हॉट्सॲपचं नवं फीचर आलं आणि तुमच्या फोनवर नाही, तर ते यामुळेच. प्ले स्टोअरवर डेव्हलपर आधी १ टक्का, मग ५, मग २० असं सोडू शकतो, आणि क्रॅश वाढले तर तिथेच थांबवू शकतो. अँड्रॉइड ७ पासून अनेक फोनमध्ये सिस्टमच्या दोन प्रती असतात. अपडेट झोपलेल्या प्रतीवर टाकलं जातं, ती उठली नाही तर फोन जुन्या प्रतीवर परत जातो. सर्व्हरच्या दुनियेतल्या अनेक महागड्या व्यवस्थांपेक्षा तुमच्या खिशातला फोन या बाबतीत शहाणा आहे, हे मी गंमतीने म्हणत नाहीये.

आणि रिलीज नोट्स वाचा. कंटाळवाण्या असतात, कबूल. पण 'ज्ञात अडचणी' एवढा भाग तरी वाचाच. नोव्हेंबर २०२४ मध्ये काही कंपन्यांच्या विंडोज सर्व्हर २०१९ आणि २०२२ च्या मशीनवर रात्रीत विंडोज सर्व्हर २०२५ येऊन बसलं! बाहेरच्या पॅच मॅनेजमेंट टूलने ते साधं सुरक्षा अपडेट समजून टाकलं होतं. आता त्याचं लायसन्स वेगळं घ्यायचं आणि परत जायचं तर बॅकअपमधूनच. 'सगळं ऑटो अप्रूव्ह' ही सेटिंग सोयीची असते ती अशा दिवसापर्यंत.

वेळेबद्दल एकच सांगतो. शुक्रवारी संध्याकाळी नको, महिनाअखेरीला नको, जीएसटीच्या २० तारखेला नको, आणि शिक्षणाची साइट असेल तर दहावीच्या निकालाच्या आठवड्यात तर अजिबात नको.

अडकलं तर

लिनक्सवर अपडेट अडकायची कारणं वर्षानुवर्षं तीच आहेत. पहिलं, डिस्क भरलेली. उबंटूमध्ये जुन्या कर्नलच्या प्रती बूट पार्टिशनमध्ये साठत जातात, तिथे जागा संपते आणि नवं कर्नल अर्धवट टाकलं जातं. सुरुवात करण्याआधी मोकळी जागा बघायची सवय लावा. दुसरं, मध्येच नेट गेलं. तुम्ही एसएसएचने जोडलेले, पावसात वायफाय गेलं, टर्मिनल बंद, अपडेट अर्ध्यात. म्हणून मोठं अपडेट नेहमी टीमक्स किंवा स्क्रीनमध्ये चालवायचं, म्हणजे तुम्ही गेलात तरी सर्व्हरवर काम चालू राहतं. आणि अर्ध्यात थांबलंच, तर यूट्यूबवर बघून लॉक फाइल उडवू नका. आधी मागे काही चालू आहे का ते बघा. नसेल तर अर्धवट राहिलेली पॅकेज पूर्ण करायची कमांड डीपीकेजीमध्येच आहे.

तिसरं जरा फसवं आहे. अपडेट चालू असताना प्रश्न येतो: या कॉन्फिग फाइलमध्ये तुम्ही बदल केलेत, तुमची ठेवू की नवी घेऊ? घाईत लोक 'वाय' दाबतात आणि तुमची सगळी सेटिंग जाऊन कोरी फाइल येते. साइट उघडत नाही, आणि अपडेट तर 'यशस्वी' म्हणतंय. तुमचीच ठेवा, आणि नव्या फाइलीत काय बदललंय ते नंतर निवांत ताडून पाहा. फरक बघायचा पर्याय त्याच प्रश्नात दिलेला असतो.

याच्या उलट प्रकारही होतो: अपडेट खरंच यशस्वी होतं, पण चालू असलेला प्रोग्राम जुनाच कोड वापरत राहतो. ओपनएसएसएल अपडेट केलं, पण वेब सर्व्हर रीस्टार्ट केला नाही, तर मेमरीत जुनी, त्रुटी असलेलीच लायब्ररी. कर्नलचं तर अख्खं मशीन रीस्टार्ट केल्याशिवाय चालत नाही, लाइव्ह पॅचिंगची सोय घेतली असेल तर गोष्ट वेगळी. 'माझा सर्व्हर ९०० दिवस बंद झालेला नाही' असं कुणी कौतुकाने सांगितलं की मला काळजी वाटते.

आणि काहीतरी मोठं फुटलं, तर? पहिली पाच मिनिटं काहीच बदलू नका. घड्याळ बघा, वेळ लिहून ठेवा, लॉग उघडा. लॉगमधली शेवटची एरर नाही, पहिली शोधा. शेवटच्या दोनशे ओळी बहुतेकदा पहिलीचा परिणाम असतात. मग एका वेळी एकच बदल. तीन गोष्टी एकदम बदलून साइट चालू झाली, तर कशामुळे झाली ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात तुम्ही परत तिथेच.

रोलबॅक, म्हणजे मागे फिरणं, हा नेहमी सुरक्षित मार्ग असतो असं समजू नका. १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या अमेरिकन शेअर ट्रेडिंग कंपनीने आठ सर्व्हरवर नवा कोड टाकायचा होता, तो सातांवरच टाकला गेला. आठव्यावर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड जागा झाला आणि वेड्यासारखे शेअर खरेदी-विक्री करू लागला. गोंधळ थांबवायला टीमने काय केलं, तर सातही सर्व्हरवरचा नवा कोड काढून जुना आणला. म्हणजे आधी एक सर्व्हर चुकत होता, आता आठही चुकायला लागले. ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून जास्त तोटा. बाजार उघडण्याआधी त्यांच्याच सिस्टमने ९७ ईमेल पाठवले होते, पण त्या ईमेलना कुणी इशारा मानलंच नव्हतं. पॅच टाकल्यावर प्रत्येक सर्व्हरची आवृत्ती तपासून बघणं हे बिनपगारी कारकुनी काम वाटतं. ते त्या दिवशी कुणी केलं असतं तर कंपनी वाचली असती.

आपल्याकडे हे कुणाला विचारायचं?

आपल्या देशात हा विषय आता नुसता आयटी विभागाचा राहिलेला नाही. २४ एप्रिल २०२४ ला रिझर्व्ह बँकेने कोटक महिंद्रा बँकेला ऑनलाइन आणि मोबाइलवरून नवे ग्राहक घ्यायला आणि नवी क्रेडिट कार्डं द्यायला मनाई केली. २०२२ आणि २०२३ च्या आयटी तपासणीत सापडलेल्या ज्या त्रुटी त्या आदेशात नोंदवल्या होत्या, त्यात 'पॅच आणि बदल व्यवस्थापन' हे शब्द स्पष्ट आहेत. बंदी उठली १२ फेब्रुवारी २०२५ ला. जवळपास दहा महिने. पॅच वेळेवर आणि नीट टाकणं ही गोष्ट एखाद्या मोठ्या बँकेच्या धंद्यावर थेट येऊ शकते, याचं यापेक्षा ठळक उदाहरण आपल्याकडे नाही.

तरी एक गोष्ट खटकते. क्राउडस्ट्राइकने २१ आणि २० रकान्यांचा हिशेब जगाला दिला. गिटलॅबने स्वतःचे फसलेले बॅकअप मोजून दाखवले. आपल्याकडे सायबर घटनेची माहिती सहा तासांत सर्ट-इनला द्यावी लागते, एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार. पण ती सरकारला. ज्याचं पेमेंट अडकलं त्या ग्राहकाला मिळतो एक मेसेज: 'नियोजित देखभालीमुळे सेवा उपलब्ध नाही, गैरसोयीबद्दल क्षमस्व'. दुपारी दोन वाजता कुठली नियोजित देखभाल? काय फुटलं, का फुटलं, परत फुटू नये म्हणून काय केलं, हे त्या बँकेच्या शेजारच्या बँकेतल्या इंजिनिअरलाही कळत नाही, आणि मग तीच चूक तो सहा महिन्यांनी स्वतःच्या सर्व्हरवर करतो.

शेअरपॉइंट २०१६ आणि २०१९ चा सपोर्ट संपायची तारीख १४ जुलै २०२६ आहे, विंडोज सर्व्हर २०१६ ची १२ जानेवारी २०२७. त्यानंतर या सर्व्हरना नेहमीचे मोफत पॅच मिळणार नाहीत. तुमच्या कॉलेजात, पतसंस्थेत किंवा ऑफिसात यातलं काही चालू आहे का, हे तिथल्या आयटीवाल्याला एकदा विचारा. 'यादी बघून सांगतो' म्हणाला तर बरं. 'कुठली यादी?' म्हणाला तर त्याला एक चहा पाजा आणि दोघं मिळून बनवायला बसा.